पहिल्या पानावरची तारीख

कोर्टाचे शिपाई पुंजाजी व्हरांड्यात उभे राहून पुकारा करायचे, तेव्हा समोरच्या कडुनिंबाखाली बसलेला पक्षकार हातातली बिडी अर्धी टाकून उठायचा. फिर्यादीचं नाव तीनदा, आरोपीचं नाव तीनदा. माणूस हात जोडून अगदी पुढ्यात उभा असला तरी तीनदाच. मी एकदा वैतागून म्हटलं की अहो, तो आलाय ना, मग घसा कशाला कोरडा करता? तर म्हणाले, "आला असन साहेब, पन कायद्यात तीन हायेत." असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही हे मला ठाऊक होतं. पण ते त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

मी १९७२ साली नागपूरहून वकील होऊन वाशीम भागात परत आलो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. कोर्ट कुठलं ते लिहीत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून आहेत आणि मला भांडण वाढवायचं नाही. कायद्याचा इतिहास या विषयात मी विद्यापीठात दुसरा आलो होतो आणि हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे. कामं मात्र येत नव्हती. दुपारच्या सुट्टीत मोठे वकील चहाला जायचे, मी व्हरांड्यातल्या बाकावर उरायचो, आणि खाली पायरीवर पुंजाजी डबा सोडायचे. बाकावर बसा म्हटलं तर बसत नसत. सातवीपर्यंत शिकलेला, पंचेचाळिशीचा, खाकी कपड्यांना रोज इस्त्री करणारा माणूस. त्यांना ऐकायचं होतं आणि मला माझं पाठांतर कुणाला तरी ऐकवायचं होतं. अशी आमची सोयरीक जमली.

मी त्यांना रोमची गोष्ट सांगितली. तिथं अडीच हजार वर्षांपूर्वी कायदा फक्त पुरोहितांच्या तोंडी असे, आणि ते आज एक सांगत, उद्या दुसरं. शेवटी साध्या लोकांनी हट्ट धरला आणि बारा पाट्यांवर कायदा लिहून भर बाजारात लावायला लावला. पुंजाजींचा घास हातातच राहिला. पाट्या किती उंचीवर लावल्या होत्या, सगळ्यांना वाचता येत होतं का, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. त्यानंतर बेंथॅम. सगळा कायदा लिहून काढा, न्यायाधीशाच्या मनात काही शिल्लक ठेवू नका, असं म्हणणारा. त्याच्याच इच्छेनं त्याचा सांगाडा कपडे घालून लंडनला खुर्चीत बसवून ठेवलाय, हेही मी सांगितलं. पुंजाजी गंभीरपणे म्हणाले की म्हणजे त्याच्या केसची अजून तारीखच पडून राह्यली. मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत.

एकाच माणसावर त्यांचा राग होता, सॅव्हिन्यी नावाच्या जर्मन पंडितावर. तो म्हणे, कायदा कुणी बसून करत नसतो. तो लोकांच्या रीतीभातींतून, भाषेसारखा आपोआप उगवतो. मला परीक्षेत हा फार आवडला होता. पुंजाजींनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "हा मानूस आपल्या गावात नाई राह्यला कधी."

त्यांचं गाव रिसोडपासून तीन कोसांवर. त्यांचे वडील, उकंडा, हे गावचे महार. मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी माणसाचं ओझं घेऊन पुढच्या गावापर्यंत पळायचं, कुणी मेलं तर नातेवाइकांना सांगायला दहा कोस उन्हातून जायचं. काहून, असं लहान पुंजाजीनं विचारलं की बाप एकच शब्द बोले: रीत हाये. कधीपासून? ते बापाला ठाऊक नव्हतं, त्याच्या बापालाही नव्हतं. त्यामुळे रीत या शब्दाची पुंजाजींना शिसारी होती. आणि कायदा या शब्दावर त्यांचा जीव होता. कायदा लिहिलेला असतो, त्याला कलम असतं, तारीख असते, आणि आपला सगळ्यात मोठा कायदा बाबासाहेबांच्या हातून आलाय. एवढं त्यांना पुरत होतं.

छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत पहिलं नव्या पद्धतीचं लग्न लागलं ते त्यांनीच लावलं. त्यासाठी त्यांनी रिसोडच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, दोघांची वयं, साक्षीदारांच्या सह्या, आणि सगळ्यात वर तारीख. १२ मे १९५७. तेव्हापासून आसपासच्या पाच-सात गावांतली लग्नं तेच लावत. पांढरे कपडे, दोन तसबिरी, दोन मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील, दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द, हार, सह्या. हळद नाही, होम नाही, फेरे नाहीत, मुहूर्त नाही. कुणी चोरून काही जुनं करायला गेलं तर लग्न थांबवून ते आधी काढायला लावत. या बाबतीत ते फार कडक होते आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या त्यांना वचकून असत.

१९६९ मध्ये त्यांच्या थोरल्या मुलीचं, पंचफुलाचं लग्न झालं. नवरा इंद्रभान, शिरपूरकडचा, शाळामास्तर. चांगलं स्थळ मिळालं म्हणून सगळे खुश होते. मांडवात पुंजाजींच्या बायकोनं, भागिरथाबाईंनी, एका कोपऱ्यात घमेल्यात चार गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. पोरीला सात पावलं चालू द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिची आई चालली होती, आजी चालली होती, आणि कुणाचं काय जातं? पुंजाजींनी घमेलं उचललं आणि मांडवाबाहेर नेऊन पालथं केलं. "एक पाऊल चालू देल्लं का मांगचं सारं संगं येते," असं ते म्हणाले. भागिरथाबाई जेवल्या नाहीत त्या दिवशी. हे सगळं मला पंचफुलानंच पुढं सांगितलं, केस चालू असताना.

केस अशी होती. पाच वर्षं संसार झाला, एक मुलगी झाली, गंगू. मग इंद्रभानची बदली झाली आणि तो तिकडेच राहू लागला. पंचाहत्तर साली त्यानं तिथं दुसरं लग्न केलं. आणि या दुसऱ्या लग्नाला त्यानं अग्नी पेटवला, भटजी बोलावला, सात पावलं चालला. पंचफुला विचारायला गेली तर दारातून म्हणाला की तुझं-माझं लग्न झालंच कुठं? चार माणसांत हार घातले म्हणजे लग्न होत नसतं, पाहिजे तर कोर्टाला विचार.

तिनं कोर्टाला विचारायचं ठरवलं. तिला त्याच्याकडे परत जायचं नव्हतं, त्याचा पगार नको होता. त्याला शिक्षा झाली काय, नाही झाली काय, तिला त्याचंही फारसं नव्हतं. ती बायको होती, ठेवलेली नव्हती, एवढं कोर्टानं म्हणावं हे तिला हवं होतं. मी तिची केस चालवायला घेतली. माझ्या हातातली ती पहिली मोठी केस. एक बायको असताना दुसरी केल्याचा गुन्हा सिद्ध करायचा म्हणजे आधी पहिलं लग्न कायद्यानं पक्कं झालेलं दाखवायला लागतं. ते दाखवणारा माणूस एकच होता, ज्यानं ते लावलं तो.

अडचण मला दिसत होती. बौद्ध झालेल्या माणसालाही कायदा हिंदू विवाह कायद्याखालीच मोजतो. आणि तो कायदा म्हणतो की लग्न दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे लागायला हवं, आणि रूढी म्हणजे जी दीर्घकाळ, अखंड चालत आली ती. जुनी रूढी पुंजाजींनी मांडवाबाहेर पालथी केली होती. नव्या रूढीला किती काळ झाला, हा प्रश्न कुणी विचारू नये एवढीच माझी इच्छा होती.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्यांना बाररूमच्या मागं नेलं. थेट खोटं बोला असं मी म्हटलं नाही. मी वकील आहे, आम्ही तसं म्हणत नाही. मी म्हटलं, मेणबत्त्या पेटल्या होत्या ना? म्हणजे अग्नी होताच. नवरा-नवरी दारापासून तसबिरींपर्यंत चालत आले ना? म्हणजे सात पावलं झालीच असतील. विचारलं तर अग्नी होता, चालले होते, एवढंच सांगा. बाकीचं मी बघतो.

पुंजाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "मेनबत्ती उजेडासाठी होती साहेब," ते म्हणाले. "साक्षीले मानसं होते." मग त्यांनी पिशवीतून ते रजिस्टर काढून माझ्या हातात दिलं. त्यात सगळं हाये, हे दाखवा, कोर्ट लिहिलेलं मानते, असं त्यांचं म्हणणं. मी रजिस्टर उघडलं. पंचफुलाचं पान, तिची गोल अक्षरातली सही, इंद्रभानची झोकदार सही, सात साक्षीदार. याहून चांगला पुरावा काय हवा, असं मला वाटलं. मी ते दाखल केलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी अशी हौसेनं केली.

आपल्याच शिपायाची साक्ष घ्यायची म्हणून न्यायाधीश साहेबांनी केस दुसरीकडे पाठवू का विचारलं होतं. दोन्ही बाजूंची हरकत नव्हती. त्या दिवशी दुसरा शिपाई रजेवर होता. साहेब म्हणाले, पुढचा साक्षीदार बोलवा. पुंजाजी सवयीनं व्हरांड्यात गेले आणि त्यांनी स्वतःचंच नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. कडुनिंबाखालची माणसं बघायला लागली. मग ते आत आले, टोपी काढली आणि पिंजऱ्यात उभे राहिले. कुणी हसलं नाही.

माझे प्रश्न नीट झाले. लग्न कसं लागलं ते त्यांनी क्रमानं सांगितलं, एक शब्द इकडे-तिकडे नाही. मग समोरचे वकील उठले. वयस्क, शांत माणूस, ते कधी आवाज चढवत नसत. अग्नी होता का? नव्हता. सप्तपदी? नव्हती. करायची राहिली का? पुंजाजी म्हणाले, राहिली नाही, मी करू दिली नाही. वकिलांनी मान डोलावली, जणू त्यांना हे उत्तर आवडलं. मग त्यांनी मी दाखल केलेलं रजिस्टर मागवलं, पुंजाजींच्या हातात दिलं आणि पहिल्या पानावरची तारीख वाचायला सांगितली.

पुंजाजींनी वाचली. बारा मे एकोणीसशे सत्तावन्न.

याच्या आधी या पद्धतीनं तुमच्यात लग्न लागत होतं का? नाही. म्हणजे पंचफुलाचं लग्न लागलं तेव्हा ही पद्धत बारा वर्षांची होती? पुंजाजींनी मनात हिशेब केला आणि होय म्हणाले. एवढ्यानं संपलं होतं. पण पुंजाजी पिंजऱ्यातून उतरले नाहीत. साहेबांकडे वळून म्हणाले, एक बोलू का? साहेबांनी मान हलवली.

"जुनी रीत कवापासून होती ते माह्या बापाले बी मालूम नोतं, म्हून ते खरी. ह्या रीतीची तारीख मले मालूम हाये, म्हून ते खोटी. असं हाये का साहेब?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो. पण साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात, आणि ते वाक्य नोंदीत आलं नाही.

निकाल सत्त्याहत्तरच्या जानेवारीत लागला. हा साक्षीदार अत्यंत खरं बोलणारा आहे, त्याच्या शब्दावर संशय घ्यायला जागा नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं. आणि तो खरं बोलतो म्हणूनच हे स्पष्ट होतं की लग्न कोणत्याही दीर्घकाळच्या रूढीनं लागलेलं नाही. पहिलं लग्न कायद्यानं शाबीत नाही, सबब आरोपी निर्दोष. पंचफुला मागच्या बाकावर गंगूला मांडीवर घेऊन बसली होती. इंग्रजी निकाल तिला कळला नाही, मलाच तो मराठीत सांगावा लागला. मी काय शब्द वापरले ते मला आठवत नाही, आठवायचेही नाहीत. अपील करू म्हटलं तर नको म्हणाली. आपलं लग्न कसं लागलं हे आणखी एका अनोळखी माणसापुढं सांगायची तिच्यात ताकद राहिली नव्हती.

पुंजाजी त्या दिवशी पाच वाजेपर्यंत पुकारे करत होते. मी मुद्दाम ऐकत बसलो. त्या दुपारपासून ते एकदाच पुकारू लागले.

निकालाची बातमी पाच-सात गावांत गेली. रविवारी त्यांच्या दारात जोडपी येऊन बसू लागली. काही जणांची पोरं लग्नाला आली होती. भांडायला कुणी येत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं. दबक्या आवाजात विचारत की दादा, आमचं काय? जमिनीचं, नोकरीचं, उद्या काही झालं तर? ते काय सांगणार? मी सांगायला हवं होतं, की एका कोर्टाचा निकाल म्हणजे जगाचा अंत नाही, दुसरं कोर्ट वेगळं म्हणू शकतं. मी दोन-तीनदा गेलोही. पण मला बघितलं की लोक गप्प होत. मी हरलेला वकील होतो.

धाकट्या मुलीचं, बेबीचं लग्न पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ठरलं. पत्रिका घेऊन पुंजाजी स्वतः आले म्हणून मी गेलो. मांडवात पांढऱ्या कपड्यांत मुलगा-मुलगी उभे होते, तसबिरी होत्या, मेणबत्त्या होत्या. पुंजाजींनी त्रिशरण म्हटलं, शब्द देववले. हार घालायची वेळ आली तेव्हा पंचफुला पुढं आली. तिच्या हातात घमेलं होतं. तेच की दुसरं, मला माहीत नाही. त्यात गोवऱ्या रचलेल्या होत्या आणि रॉकेलचा वास येत होता.

सगळा मांडव थांबला. भागिरथाबाई खाली बघत होत्या. या वेळी हे त्यांचं काम नव्हतं. पुंजाजी काही बोलायच्या आत पंचफुला म्हणाली, "बाबा, तिले माह्यावानी नोका ठेवू."

मला वाटलं, ते घमेलं उचलतील. मला मनातून तसंच हवं होतं, हेही कबूल करतो. दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर तत्त्व टिकलेलं बघायला आम्हाला आवडतं. पुंजाजींनी खिशातून काडेपेटी काढली. दोन काड्या विझल्या, तिसरी लागली. मग ते बाजूला सरले आणि मुला-मुलीनं पावलं टाकायला सुरुवात केली. कुणाला मंत्र येत नव्हते, म्हणून पुंजाजींनीच मोजलं. एक. दोन. तीन. आवाज कोर्टातलाच होता, पण इतका खाली गेलेला की मागच्यांना ऐकू आला नसेल. सातला ते थांबले आणि तोंड फिरवून मांडवाबाहेर गेले. बाहेर जाऊन त्यांना धरावं असं मला वाटलं, पण मी उठलो नाही.

त्यानंतर त्यांनी लग्नं लावली नाहीत. लावायला कुणी बोलावलंही नाही; जो तो घमेलं घेऊन आपापलं करू लागला. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली, अंगावर काढली, आणि त्यातच ते गेले. पन्नाशी नुकती ओलांडली होती. कोर्टातून आम्ही चौघं मयतीला गेलो. साहेब बदलून गेले होते.

रजिस्टर कोर्टातच अडकून पडलं होतं. ते परत मिळवायचा अर्ज मी आधीच करायला हवा होता. केला तो ते गेल्यावर. तीन आठवड्यांनी हुकूम झाला आणि मी ते घेऊन वस्तीवर गेलो. पंचफुला दारात धान्य निवडत होती. तिनं हात पुसले आणि रजिस्टर मांडीवर घेऊन पानं मोजली. तिचे ओठ हलत होते.

"ह्यात त्रेचाळीस लग्नं हायेत साहेब," ती म्हणाली. "एक मोडलं. अन् कोर्टानं नेमकं तेच पाह्यलं."

तिनं स्वतःचं पान काढलं. पुराव्यावर मारतात तो कोर्टाचा निशाणीचा शिक्का तिच्या सहीवरच बसला होता. गोल अक्षरांतलं पहिलं आणि शेवटचंच तेवढं वाचता येत होतं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, जसं काही ते पुसलं जाईल. मग पानं उलटत ती मागं, अगदी पहिल्या पानाशी गेली. तिथली तारीख तिनं मोठ्यानं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. तिला टोमणा मारायचा नव्हता. कायदा शिकलेल्या माणसाकडून तिला खरंच उत्तर हवं होतं.

"हे आता बावीस वर्सांचं झालं. आनखी किती वर्सं पाह्यजेत?"

मी विद्यापीठात दुसरा आलो होतो.